बोलण्यावरून समाज कळतो का? केळापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांना उत्तर

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात प्राथमिक शाळेवर आहात. जन्म पोडावरचा, म्हणजे कोलाम या आदिवासी समाजाच्या वस्तीवरचा. आई घरात कोलामी बोलते, तुम्हाला ती पूर्ण कळते पण बोलताना अडखळायला होतं, आणि तुमच्या मुलीला तर मराठी हीच पहिली भाषा. ती यंदा पुण्याला शिकायला गेली. पहिल्याच महिन्यात खोलीवरची मैत्रीण म्हणाली, ‘तू आदिवासी आहेस हे बोलण्यावरून अजिबात वाटत नाही.’ पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी, आडनाव कळल्यावर, म्हटलं, ‘तरीच! बोलण्यात येतंच ते.’ पोरीने रात्री फोन करून विचारलं, ‘बाबा, यातलं खरं कोणतं?’ तुम्ही तोच प्रश्न माझ्याकडे पाठवलात.

उत्तर आधी देते, मग कारणं. तुमच्या मुलीच्या उच्चारावरून ती कोलाम आहे हे कळत नाही. ती वऱ्हाडातली आहे हे कळतं, आणि नीट कान देऊन ऐकणाऱ्याला ती वऱ्हाडाच्या कोणत्या बाजूची तेही थोडंफार कळेल. तुमच्या आईच्या बोलण्यावरून मात्र तिची पहिली भाषा मराठी नाही, एवढं कळतं. ‘कोणती भाषा आधी शिकली’ आणि ‘कोणत्या समाजात जन्मली’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. लोक ते एकात एक घालतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मी सव्वीस वर्षं विदर्भातल्या गावागावांत लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करते आहे. मेळघाटापासून भामरागडापर्यंत. घरी आल्यावर ते शब्दागणिक लिहून काढायचं, एका मिनिटाच्या बोलण्याला कधीकधी तास जातो. या कामाने कान तयार होतो. आणि कान किती सहज फसतो, हेही याच कामाने मला शिकवलं.

पोराची बोली आईच्या मांडीवर सुरू होते, पण पक्की होते अंगणात. चार-पाच वर्षांचं लेकरू सोबत्यांमध्ये खेळायला लागलं की आईबापांपेक्षा सोबत्यांसारखं बोलायला लागतं. अकोल्याहून बदली होऊन गोंदियाला गेलेल्या कर्मचाऱ्यांची मुलं बघा, दोन-तीन वर्षांत घरात आई वेगळी बोलते, पोरं वेगळी. रक्तात उच्चार नसतो. कोलामाचं तान्हं मूल अकोल्यात वाढलं तर अकोल्यासारखं बोलेल, आणि अकोल्याचं मूल पोडावर वाढलं तर कोलामी बोलेल, तेही तुमच्या आईइतकं सफाईने.

आता तुमच्या आईच्या वयाच्या एका आजींबद्दल सांगते, मारेगाव तालुक्यातल्या पोडावरच्या. त्यांना मी ‘घर’ म्हणायला सांगितलं. ‘घ’ म्हणताना आपल्या घशातला सूर चालू असतानाच श्वासाचा एक झोत सुटतो. तळहात ओठांसमोर धरला तर तो जाणवतो. आजींच्या ‘घर’मध्ये तो झोत जवळपास नव्हता, ऐकू यायचं ‘गर’. ‘धुरा’ म्हणायच्या तर ‘दुरा’. कारण सरळ आहे: कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा, तिच्या स्वतःच्या जुन्या शब्दांत ख, घ, ध, भ असे झोताचे ध्वनी नाहीत. दुसरी खूण व्याकरणातली. आपण भिंतीला ‘ती’, दगडाला ‘तो’ आणि झाडाला ‘ते’ म्हणतो. कोलामीत पुरुषमाणसं एका गटात आणि बाकी सगळं, बाया, जनावरं, वस्तू, दुसऱ्या गटात. त्यामुळे आजी म्हणाल्या, ‘पावसानं भित पडलं.’ यात चूक काही नाही. एका भाषेची घडी दुसऱ्या भाषेवर उमटली, एवढंच.

त्याच दुपारी त्यांची नात शाळेतून आली. तिचा ‘घ’ ठसठशीत, भिंत ‘पडली’. आणि लगेच पुढचं वाक्य, ‘आमची शाया लवकर सुटली आज.’ ‘शाळा’ची ‘शाया’. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला टेकतं आणि झटक्यात सुटतं. य म्हणताना जीभ वर उचलली जाते पण टेकत नाही. वऱ्हाडीत ळ चा य होतो: काया, डोया, शाया. हे तिला तिच्या आजीकडून आलेलं नाही. हे गावातून आलं. ती ज्यांच्यासोबत लंगडी खेळते त्या कुणब्याच्या, तेल्याच्या, बौद्धांच्या, मुसलमानांच्या पोरी सगळ्या ‘शाया’च म्हणतात. आजीच्या तोंडी कोलामीची खूण होती, नातीच्या तोंडी केळापूर-मारेगावच्या मातीची. दोघी एकाच घरातल्या, एकाच समाजाच्या.

वैनगंगेच्या खोऱ्यात, झाडीपट्टीत गेलात की हाच ळ ‘र’ होतो, डोळ्याचा ‘डोरा’ होतो. म्हणजे नुसत्या एका ळ वरून माणूस विदर्भाच्या पश्चिमेचा की पूर्वेचा, याचा अंदाज बांधता येतो. ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’, ‘काहून’, ‘अठी-तठी’, ‘येजो-जाजो’ या सगळ्या खुणा प्रदेशाच्या आहेत. ‘काय करून राह्यली’ हीसुद्धा. पुण्याकडे याला हिंदीची भेसळ म्हणतात. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांतात, १९०३ पासून वऱ्हाडही त्याच कारभारात, आणि १९५६ पर्यंत आपण हिंदी मुलखासोबत एका राज्यात होतो. इतक्या पिढ्यांचा शेजार बोलण्यात उतरणारच. त्याला भेसळ म्हणणं मला पटत नाही.

इथे ऐकणाऱ्याचा घोटाळा कसा होतो तो नीट सांगितला पाहिजे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ कानावर पडलं की पुण्यामुंबईतले पुष्कळजण मनातल्या मनात बोलणाऱ्याची जात ठरवून मोकळे होतात. त्यांच्या आसपास न आणि ण यांची विभागणी बरीचशी शिकलेली-न शिकलेली घरं, वरच्या-खालच्या मानलेल्या जाती अशी झालेली असते, म्हणून त्यांचा कान तसा बनलेला असतो. तोच कान ते आपल्याकडच्या माणसाला लावतात. पण आपल्या गावांत देशमुखांच्या वाड्यात ‘पानी’ आणि पोडावरही ‘पानी’. ऐकणाऱ्याला जिथे जात ऐकू येते तिथे प्रत्यक्षात असतो फक्त जिल्हा. एकच ध्वनी दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी सांगतो, आणि ज्याला हे माहीत नाही तो चुकीचं सांगतो आणि ठामपणे सांगतो.

बरं, ‘आदिवासी उच्चार’ म्हणून काही असावं, तर तो कुणाचा? विदर्भातच बघा. कोलामी आणि गोंडी द्राविडी कुळातल्या. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, तिचं नातं संथाली-मुंडारीशी. बुलढाण्यात जळगाव जामोदकडची निहाली तर कोणत्याच कुळात बसत नाही. पुसद-उमरखेड भागातले आंध अनुसूचित जमातीतले, पण त्यांची वेगळी भाषाच नाही, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. यवतमाळ-वर्ध्याकडच्या प्रधान जमातीच्या घरांतही आता बहुतेक ठिकाणी मराठीच. या सगळ्यांचं मराठी एकाच लकबीचं कसं असेल? कोलामीचे बोलणारे २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात सुमारे १ लाख २८ हजार, गोंडीचे जवळपास ३० लाख. ज्या मुलीने ‘वाटत नाही’ म्हटलं तिने यांपैकी एकही भाषा कधी ऐकलेली नसणार. तिच्या मनातला आदिवासी आवाज सिनेमा-नाटकातला आहे, ‘हम्म’, ‘साहेब’ करणारा. तुमची मुलगी त्या सोंगासारखी बोलत नाही, हे अगदी खरं.

आता अवघड भाग. एवढं सगळं सांगून मी थांबले तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण एकाच गावात दोन वस्त्यांचं बोलणं वेगळं असल्याचं मी स्वतः ऐकलं आहे, आणि दोन्हीकडे मराठीच मातृभाषा होती. तेव्हा समाजाचा आणि उच्चाराचा संबंध कधीच नसतो, असं मी म्हणणार नाही.

जॉन गम्पर्झ या अभ्यासकाने उत्तर प्रदेशात सहारनपूर जिल्ह्यातल्या खालापूर या गावचं बोलणं तपासलं, १९५८ मध्ये ते छापून आलं. गावात जातीजातींचे उच्चार वेगळे होते. अस्पृश्य मानलेल्या जातींचं बोलणं बाकी गावापेक्षा वेगळं पडत होतं. पण त्या जातींची माणसं रोज सवर्णांच्या शेतात, घरात राबत होती, दिवसातले कितीतरी तास एकमेकांशी बोलत होती. तरी बोली एक झाली नाही. गम्पर्झने दाखवलं ते असं की, कामापुरतं बोलणं बोली जुळवत नाही. मैत्रीतलं, मोकळं बोलणं जुळवतं. कुणाची पोरं कुणाच्या पोरांसोबत खेळतात, कुणाच्या ओट्यावर कोण बसतं, बोली त्या वाटेने जाते.

हे वाचलं तेव्हा मला आपली गावं दिसली. पोड वेगळा, तांडा वेगळा, पारध्यांचा बेडा गावाबाहेर, बौद्धांची वस्ती ओढ्यापलीकडे. जिथे ही अंतरं कमी झाली, पोरं एका शाळेत, एका मैदानावर, एका ऑटोत बसून तालुक्याला गेली, तिथे दोन पिढ्यांत बोलणं एकजीव झालेलं मी ऐकलंय. जिथे अंतर राहिलं तिथे काहीतरी उरतं. बहुतेक वेळा व्यंजनं नाहीत, व्यंजनं लवकर जुळतात. उरते ती चाल: वाक्याच्या शेवटी सूर कुठे चढतो, कोणतं अक्षर लांबतं. भाषा विसरली तरी तिची चाल दोन-तीन पिढ्या टिकू शकते, पण बोलणारे एकत्र, इतरांपासून वेगळे राहत असतील तरच. मग कुणी ती चाल ऐकून ‘हा अमुक समाजाचा’ म्हटलं आणि ते बरोबर निघालं, तरी त्याने ऐकलं काय? त्याने समाजाने घातलेलं कुंपण ऐकलं. कुंपण काढा, दोन पिढ्यांनी ती खूण सापडत नाही.

आणि खूण असली तरी ऐकणारा तिचा अर्थ भलताच लावतो. दिग्रसकडच्या एका वर्गात मी मुलांकडून शब्द म्हणून घेत होते. वर्गातली बहुतेक मुलं ‘काया’ म्हणाली, तांड्यावरचा एक बंजारा मुलगा स्वच्छ ‘काळा’ म्हणाला. गुरुजी कौतुकाने म्हणाले, ‘याचं मराठी शुद्ध आहे, अभ्यास करतो.’ मुलगा हुशार होताच. पण त्याच्या घरी गोरमाटी बोलतात आणि गोरमाटीत काळ्याला ‘काळो’ म्हणतात, ळ त्याच्या आईच्याच भाषेत आहे. त्याच्या उच्चारात घरची भाषा डोकावत होती, आणि ऐकणाऱ्याला तिथे पाठ्यपुस्तक ऐकू आलं.

एकदा उलटंही झालं. एका गावात संध्याकाळी पारावर बसलेल्या मंडळींना मी शेजारच्या तालुक्यातले काही आवाज ऐकवले, नाव-गाव न सांगता. त्यात एक फळविक्रेता बागवान होता, म्हणजे मुसलमान. तो बोलत होता त्याच्या बापाच्या ठोक्याच्या शेतीबद्दल, पऱ्हाटी, तूर, डवरणी, धुऱ्यावरून झालेलं भांडण. सगळ्यांनी एकमुखाने ‘कुणबी पाटील’ ठरवलं. एक आजोबा तर म्हणाले, ‘आवाजच सांगते ना बाप्पा, घरची वावरं असतीन.’ आवाज काहीच सांगत नव्हता, विषय सांगत होता. तालुका मात्र त्यांनी अचूक ओळखला, अर्ध्या मिनिटात.

डोळे तर कानाला आणखीच फसवतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग, १९७२ सालची. तिथे जन्मलेला एक तरुण माझ्यासमोर चहाच्या टपरीवर बोलत होता, टपरीवाल्याशी, अगदी टपरीवाल्यासारखंच, ‘मले’, ‘तुले’ सगळं जिथल्या तिथे. तो गेल्यावर बाकावरचे एक गृहस्थ म्हणाले, ‘पोट्टा चांगली मराठी शिकला, पण थोडं लागतेच.’ माझ्या यंत्रात ते बोलणं होतं, परवानगी घेऊन मुद्रित केलेलं. रात्री मी दोघांचे शब्द एकाखाली एक ठेवून ऐकले. ‘लागत’ काहीच नव्हतं. डोनाल्ड रुबिन यांनी अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेमका हाच: विद्यार्थ्यांना एकच व्याख्यान, एकाच आवाजात ऐकवलं, फक्त समोरचा फोटो बदलला. आशियाई चेहरा दिसला तेव्हा ऐकणाऱ्यांना उच्चार परका वाटला, आणि व्याख्यान समजलंही कमी. तुमच्या मुलीच्या बाबतीत फोटोच्या जागी आडनाव आलं. आडनाव कळायच्या आधी काही ‘येत’ नव्हतं, कळल्यावर यायला लागलं.

अमेरिकेतच जॉन बॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की फोनवर नुसतं ‘हॅलो’ ऐकून लोक लकब काळ्यांची, मेक्सिकन वंशाच्यांची की गोऱ्यांची हे सत्तर टक्क्यांच्या आसपास बरोबर ओळखतात. बॉ यांनी स्वतः तिन्ही लकबींत बोलून भाड्याच्या घरांची चौकशी केली, तर गोऱ्यांच्या वस्त्यांत लकबीप्रमाणे उत्तरं बदलली. हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध वाटेल, पण नाही. पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वस्त्यांत राहायला लावलेल्या समाजांची बोली वेगळी राहिली. आणि ध्यानात घ्या, बोलणारा एकच माणूस होता. तिन्ही लकबी एका तोंडातून निघू शकल्या, यातच उत्तर आहे. मला तो प्रयोग जवळचा वाटतो, कारण माझ्या भाचीलाही शहरात फोनवर ‘खोली आहे’ म्हणून सांगितलं गेलं, आणि ‘मले कवा पाह्यला येता येईन’ एवढं तिने विचारल्यावर ‘आत्ताच गेली’ झाली. ती रडली नाही, पण पुढच्या फोनवर तिने माझ्या देखत आवाज बदलला. ते बघणं मला जड गेलं.

एक फरक मुलीला जरूर सांगा. उच्चार नकळत येतो, शब्द माणूस निवडतो. कुणी भेटल्यावर ‘जय भीम’ म्हणतो, कुणी ‘जय सेवा’, कुणी ‘जय सेवालाल’, महानुभाव पंथाचे ‘दंडवत प्रणाम’, कुणी नुसतंच ‘राम राम’. यावरून समाज किंवा पंथ कळतो, कारण बोलणाऱ्याला तो कळवायचाच असतो. ती ओळख त्याने स्वतःहून पुढे केलेली आहे. उच्चारातून न विचारता ओळख ओरबाडणं ही वेगळी गोष्ट. तेव्हा ‘तू वाटत नाहीस’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला तिने सांगावं, ‘मी कोलाम आहे आणि माझी बोली वऱ्हाडी आहे,’ दोन्ही, एका दमात. दोन्ही खरं आहे. मैत्रीण वाईट नसेल, तिला फक्त कुणी हे सांगितलेलं नाही.

तुम्ही शिक्षक आहात म्हणून वर्गाबद्दल थोडं. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘अशुद्ध’ म्हणून हटकू नका. हटकलेली मुलं घाबरून सगळीकडे ण लावत सुटतात, मग ‘मन’चा ‘मण’ होतो आणि अर्थच बदलतो. त्याऐवजी जीभ कुठे टेकते ते दाखवा: न ला दातांमागे, ण ला वळून टाळूला. पोरांना आरशात बघून करायला मजा येते. लिहिताना ‘पाणी’ आणि घरी ‘पानी’, दोन्ही येणं ही कमाई आहे, हे त्यांना शब्दांत सांगा. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची माहिती इंटरनेटवर आहे, ती वर्गात उघडा. आपल्या जिल्ह्याची बोली अभ्यासाचा विषय आहे हे बघून मुलं ताठ बसतात.

शेवटची विनंती तुमच्या आईबद्दल. तिचं ‘गर’ आणि तिची कोलामी दोन्ही आता जपून ठेवायच्या गोष्टी आहेत. दिवाळीला मुलगी घरी आली की तिलाच बसवा आजीसमोर. पंखा बंद करा, कोंबड्या-बकऱ्या थोड्या लांब राहू द्या, फोन आजीपासून हातभर अंतरावर पालथ्या डब्यावर ठेवा. सुरुवातीला मुलीने तारीख, गाव आणि आजीचं नाव बोलावं, आणि मुद्रण करतोय हे आजीला सांगून तिचा होकारही त्यात येऊ द्यावा. मग एकच प्रश्न: ‘तू या पोडावर लग्न होऊन आलीस तो दिवस सांग.’ आधी कोलामीत, दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मराठीत. मध्ये टोकायचं नाही, शब्द अडला तरी सुचवायचा नाही, आजी गप्प झाली तर दहापर्यंत मोजायचं, बहुतेक वेळा ती पुन्हा बोलायला लागते. तुम्ही बाजूला बसून न कळलेले शब्द वहीत उतरवा. दोन प्रती करा, एक तुमच्याकडे आणि एक मुलीच्या फोनमध्ये. लिहून काढताना कुठे अडलात तर मला पाठवा, मी बसते तुमच्यासोबत.